ताणाचा ण

वसईच्या तहसील कचेरीबाहेर, दुचाक्यांच्या रांगेच्या अलीकडे, एक पत्र्याचे छप्पर आहे. त्याखाली माझे टेबल. गेली सव्वीस वर्षे मी तेथे बसून लोकांचे अर्ज लिहीत आहे. सातबाऱ्यावर चुकलेले नाव, वारसांची नोंद, आटलेला नळ, शेजाऱ्याने हळूच पुढे सरकवलेले कुंपण, असे कोणतेही दुःख माणूस तोंडाने सांगू लागला की ते अस्ताव्यस्त असते. त्यास कागदावर ओळीने उभे करणे हे माझे काम. लोक मला ‘अर्जवाले काका’ म्हणतात. मी स्वतः ‘अर्जनवीस’ म्हणतो. शब्द जुना आहे, परंतु त्यात कामाचा मान राहतो.

माझे शिक्षण नववीपर्यंत झाले. ही गोष्ट मी लपवीत नाही, कारण माझा अर्ज वाचून ती आजवर कोणाच्या लक्षात आलेली नाही. अक्षर टपोरे, ऱ्हस्वदीर्घ चोख, आणि खाडाखोड मुळीच नाही. अर्जात एखादा शब्द खोडला तर त्याच्या शेजारी अर्जदाराची सही घ्यावी, असा रिवाज आहे. ती सही मला नव्या धोतरावरच्या डागासारखी दिसते. त्यामुळे एक शब्द चुकला तरी मी ते पान बाजूला ठेवून दुसरे घेतो.

या सर्वांत माझा विशेष अभिमान एका अक्षराचा होता. ते अक्षर ‘ण’.

माझा जन्म खाडीकाठच्या एका भातशेती करणाऱ्या घरातला. आमच्या घरी ‘ण’ नव्हताच; ‘ळ’चा ‘ल’ होई आणि ‘ड’, ‘ढ’चा ‘र’. आई पानी भरीत असे, लोनचे घालीत असे, आणि अंगनात बसवून आम्हांला जेवन वाढीत असे. आठवीला मी शहरातल्या शाळेत गेलो. तेथे एके दिवशी धडा वाचताना मी ‘प्राण’ हा शब्द ‘प्रान’ असा वाचला आणि वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी मला उभे केले व म्हणाले, “जीभ उलटी वळव, टाळूला लाव, आणि मग म्हण.” तो उरलेला तास मी जीभ टाळूला लावून उभा होतो. घंटा झाली तेव्हा मला ‘ण’ आला होता. पुढच्या वर्षी वडिलांची कंबर बसली आणि माझी शाळा सुटली, पण ‘ण’ मी बरोबर घेऊन आलो. तेव्हापासून माझ्यासमोर कोणी ‘पानी’ म्हणाले की मी ‘पाणी’ म्हणतो. त्यात राग नसतो. कोणाच्या सदऱ्याला धागा चिकटलेला दिसला तर आपण सहज काढतो, तसे ते होते, अशी माझी समजूत होती.

माझी पत्नी पाचूबंदरची, मासेमारी करणाऱ्या घरची. लग्नास चोवीस वर्षे झाली. ती मितभाषी आहे, असे मी सर्वांना सांगत असे, व ते सांगताना मला समाधान वाटत असे.

मागच्या दिवाळीनंतर माझा उजवा हात बिघडला. आधी मान धरली, नंतर खांदा, आणि मग दुखणे कोपरावरून मनगटापर्यंत उतरले. मी बाम चोळून लिहीत राहिलो. एके सकाळी राजोडीची एक विधवा बाई वारसनोंदीचा अर्ज लिहून घेण्यास आली. ‘विनंती विशेष’ इतके लिहून झाले आणि माझी बोटे पेनाभोवती मिटली ती उघडेनात. डाव्या हाताने एकेक बोट सोडवावे लागले. ती बाई शहाणी. ती रस्त्याकडे पाहू लागली. तिचे ते दुसरीकडे पाहणे मला दुखण्यापेक्षा अधिक लागले. त्या दिवशी तो अर्ज तिने पलीकडच्या संगणकवाल्याकडून छापून घेतला.

हाडांच्या डॉक्टरांनी फोटो काढले. हाड ठीक होते. ते म्हणाले, “तुमच्या स्नायूंना आवळता येतं, सोडता येत नाही. गोळीनं हे होणार नाही. फिजिओथेरपीला जा आणि सैल व्हायला शिका. नाही शिकलात, तर हा हात लिहिण्याच्या कामाचा राहणार नाही.”

सैल हा शब्द माझ्या धंद्यात शिवीसारखा आहे. सैल वाक्य, सैल मजकूर, सैल विनंती. तथापि हात गेला तर मी छपराखालचा एक बसलेला माणूस तेवढा उरतो, हे मला कळत होते. मी गेलो.

फिजिओथेरपीचा तो दवाखाना एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर होता. दोन खाटा, मधे हिरवा पडदा, भिंतीला टेकवलेले मोठे रबरी चेंडू. चालवणारी मुलगी पंचविशीतली, लातूरकडची, लग्न होऊन नुकतीच इकडे आलेली. तिने मला उताणे झोपवले, गुडघ्यांखाली उशी दिली, मानेखाली गरम शेकाची पिशवी सारली.

“काका, डोळे मिटा. डावा हात पोटावर ठेवा. श्वास पोटात घ्या, हात वर आला पाहिजे.”

“श्वास फुप्फुसात जातो,” मी सांगितले.

“जाऊ द्या की. तुम्ही पोटात घ्या.”

मी घेतला. मग तिने उजवी मूठ आवळावयास सांगितले. मूठ, मनगट, कोपर, खांदा, सगळे एकदम. “आवळलेलं कसं असतंय ते आधी नीट बघून घ्या,” ती म्हणाली. “त्याशिवाय सुटलेलं कळत नसतंय. हं, आता सोडा.”

मी सोडले.

“सोडा की काका.”

“सोडली आहे मूठ.”

“ही सोडलेली नाही. ही ठेवलेली आहे.”

सव्वीस वर्षे शब्दांत काढलेल्या माणसास हा भेद कोणी शिकवावा, याचे मला नवल वाटले. तिने माझे मनगट धरून हात वर उचलला आणि तिचा हात काढून घेतला. सुटलेला हात खाली पडावयास हवा. माझा हात तेथेच, हवेत, जसाच्या तसा राहिला.

पडद्याची कड सरकली आणि पलीकडच्या खाटेवरून एक चेहरा डोकावला. ही पाचूबंदरची मासे विकणारी एक मावशी. जन्मभर डोक्यावर पाटी वाहून तिची मान धरली होती.

“अगो, यो हात वर करून कोनाला सलाम करतंय?”

“मावशी, तुम्ही गप पडा. शेक चालूय तुमचा,” मुलगी म्हणाली. “काकांच्या हातात ताण आहे.”

“तान? मंग पानी पाज त्याला, मना पाजलास तसा!” मावशी मला सांगू लागली, “पयल्या दिशी मी हिला सांगलं, बाय, माज्या मानंत तान हाय. हिनं पानी दिला. मना वाटलं, शिकलेली पोर, आदी पानी पाजायची रीत आसंल. पियाले. परत सांगलं, तान हाय गो. परत पानी! तीन गलास झालं, पोटाचा घुमट झाला, मंग मी इचारलं, मानंला हात कवा लावतीस?”

मुलगी तोंडाला पदरासारखा दुपट्टा लावून हसत होती. “आमच्याकडं तान म्हणजे तहान, काका. मला काय माहीत?”

“तो ‘ताण’ आहे,” मी हवेतला हात तसाच ठेवून म्हणालो. “ण. तान असते ती गवयाची.”

“तू मास्तर हाईस काय रं?” मावशीने विचारले.

“अर्जनवीस आहे.”

“मंग लिव अर्ज. सायेबाला सांग, मावशीची मान सोर!”

मुलीचे हसणे एकाएकी थांबले. ती माझ्या मानेवर वाकली. “काका, आत्ता काय केलंत तुम्ही?”

“चूक दुरुस्त केली.”

“ते नाही. तो शब्द परत म्हणा.”

“ताण.”

“खांदा कानाला लागला बघा. आणि जीभ कुठंय तुमची?”

असा प्रश्न मला आजवर कोणी विचारला नव्हता. मी शोध घेतला. शब्द उच्चारून संपला होता, पण जीभ टाळूलाच वळून चिकटलेली होती.

“खाली सोडा,” ती म्हणाली. “जबडा सैल करा. दातावर दात नको. जीभ तोंडात आडवी पडू द्या, ओल्या फडक्यासारखी. ती सुटली की मान सुटंल, मान सुटली की हात सुटंल.”

मी खटपट केली. जीभ खाली आली आणि थोड्याच वेळात, मालकाला न विचारता, पुन्हा वर जाऊन उभी राहिली. आठवीच्या वर्गात तिला जेथे उभे केले होते तेथेच.

घरी रोज दोन वेळा हा सराव करावयाचा होता, आणि कोणीतरी शांत आवाजात सूचना सांगाव्यात असे ठरले. मी त्यासाठी एक शुद्ध तक्ता तयार केला. सांगितला मी, लिहिला पत्नीने. ‘सदर उजवी मूठ पाच अंक मोजेपर्यंत घट्ट आवळावी. तदनंतर ती संपूर्णतः सैल सोडावी. ताण नाहीसा होत असल्याचा अनुभव घेण्यात यावा.’ तो वाचून दवाखान्यातली मुलगी म्हणाली, “घेण्यात यावा? मग घेणार कोण, काका?”

तक्ता मात्र मी बदलला नाही. सायंकाळचा चहा झाला की मी चटईवर पडत असे आणि पत्नी शेजारी बसून वाचीत असे. ‘ताण’ या शब्दापाशी तिचा आवाज अडखळे. तोंडी परीक्षेस बसलेल्या मुलीसारखी ती जपून, एकेक अक्षर पुढे ढकलीत वाची. माझे डोळे मिटलेले असत, पण कान टवकारलेले. तिचा ‘ण’ लागतो की नाही इकडेच माझे सर्व लक्ष. एखाद्या दिवशी तो घसरे, आणि मी पडल्यापडल्या म्हणे, “ताण.” ती थांबे, पुन्हा म्हणे. तीन आठवडे झाले. मुलगी रोज माझे मनगट उचलून सोडत होती, आणि हात रोज हवेत राहत होता.

“घरी करता ना काका?” ती विचारी.

“नियमितपणे,” मी सांगे, आणि ते खरे होते.

एके दिवशी पत्नी सोबत आली होती; रिक्षातून उतरताना माझा दुखरा हात दांडीला आपटला म्हणून ती दवाखान्यातही माझ्याबरोबर आत आली. मला पालथे झोपवून खांद्यांवर शेक ठेवला गेला. पडदा ओढलेला होता. पलीकडे मावशीचा आवाज चालू होता, त्यात आणखी एका बाईचा आवाज मिसळला. कोणी नवी रुग्ण आली असावी असे मला वाटले. तो आवाज मोकळा होता, खालून वर उसळणारा. ती बाई आपल्या लहानपणीची गोष्ट सांगत होती.

“धक्क्यावर लिलाव चाललेला. मी आयशीच्या मागशी, पाटीच्या आर बसलेली. गला जार केला न पुरुषासारकी बोली लावली! आयस वलून बगतं, कोन बोल्ला? कोनीच नाय! परत बोली चरली, परत मी वरची लावली. शेवटी एवरी मोटी पाटी आयशीच्याच गल्यात!”

“मंग?” मावशी हसत विचारत होती.

“मंग काय? घरी नेऊन मना कानाला धरलान, आनि सांजच्याला त्यातलीच मासली वारलान!”

दोघींचे हसणे खाटेच्या पायांपर्यंत पोचले. मलाही ओठांत हसू आले. आमच्या खाडीकाठच्या घरात भाताच्या कापणीच्या दिवसांत बायका असेच हसत. आईचा असा आवाज मी किती वर्षांत आठवला नव्हता. मी तसाच पडून ऐकत होतो. आवळलेले काय, सुटलेले काय, याचा मला विसर पडला होता.

मुलीने सवयीने माझे मनगट उचलले व सोडले. हात खाटेवर धप्पकन पडला.

“काका!” ती ओरडलीच. “पडला! काकू, बघा, हात पडला!”

त्या ‘काकू’सरशी पलीकडचा मोकळा आवाज मधेच तुटला. पडदा बाजूला झाला आणि माझी पत्नी उभी होती. “काय झालं? बरं वाटतंय का?” तिने विचारले. हा आवाज माझ्या ओळखीचा होता. नीट, जपलेला, लहानसा.

मघाची ती बाई कोण होती, हे मला तेव्हा कळले.

परतीच्या वाटेवर मी तिचे शब्द ऐकत राहिलो. घराचे दार उघडून ती म्हणाली, “तांब्या भरून आणू?” बोलून झाल्यावर तिच्या चेहऱ्यावरून एक सावली गेली आणि ती लगबगीने म्हणाली, “भरून देऊ?” चोवीस वर्षांत ‘पाणी देऊ का’ असे तिने मला कधी विचारले होते, हे मी आठवू लागलो. आठवेना. लोणच्याची बरणी हवी असली की ती ‘ती काचेची’ म्हणे. ‘जेवण तयार आहे’ ऐवजी ‘जेवायला बसा’. ‘कोण आलं’ ऐवजी ‘दार वाजलं’. ‘आई म्हणाली’ ऐवजी ‘आई बोलली’. एका अक्षराला वळसा घालण्यासाठी ती रोज केवढी लांबची वाट चालत होती, आणि ज्या दिवशी वाट सापडत नसे त्या दिवशी ती गप्प बसत असे. त्या गप्प बसण्याला मी मितभाषीपणा म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी चटई अंथरल्यावर मी म्हणालो, “आज तक्ता नको. तू मावशीशी बोलत होतीस तशा बोलीत सांग.”

ती कागदाकडे पाहत राहिली. “थट्टा करता?”

“नाही.”

“चोवीस वर्षं मी शब्द चाळून मग बोलते,” ती म्हणाली. “तुम्हाला कधी कळलं नाही. आता हात दुखतो, तर माझी बोली लगेच औषध झाली?”

‘झाल्या प्रकाराबद्दल मी दिलगीर असून’ हे वाक्य मी दुसऱ्यांसाठी किती वेळा लिहिले असेल. तेच ओठांवर आले आणि लाजून मी ते गिळले. ती उठून आत गेली. कांदा चिरल्याचा आवाज बराच वेळ येत राहिला.

त्यानंतर चार दिवस तिने तक्ता हातात घेतला नाही आणि मी आग्रह केला नाही. दवाखान्यात हात पुन्हा हवेत राहू लागला. मुलगी म्हणाली, “एकदा पडला होता ना? म्हणजे त्याला येतंय. त्या दिवशी काय झालं होतं तेवढं आठवा.” मला आठवत होतेच. पाचव्या दिवशी सायंकाळी मी कोरा कागद घेऊन बसलो. विधवा बाईचा वारसनोंदीचा मायना मला पाठ होता. ‘महोदय’ इतके उतरले. ‘विनंती’ लिहिताना बोटे मिटली आणि पेनाचे टोक कागदातून आरपार गेले.

मी पेन सोडवून बाजूला ठेवले, भिंतीला टेकून बसलो आणि डोळे मिटले. दातांवरून दात काढला. जीभ टाळूवर होती. तिला खाली घेतले, ती वर गेली. पुन्हा घेतले. तिसऱ्या वेळी ती पडली, आणि पडलेल्या जिभेने बोलता येईल असे जे शब्द होते ते आपोआप बाहेर आले. जवळजवळ चाळीस वर्षांनी मी ते बोललो.

“मना तान हाय,” मी म्हणालो.

आतला भांड्यांचा आवाज थांबला. मग पावले आली. मी डोळे उघडले तर पत्नी समोर उभी, चेहरा अगदी गंभीर, हातात पाण्याने भरलेला तांब्या.

“घ्या,” ती म्हणाली. “पानी.”

मी तांब्या घेतला व थोडे प्यालो. “आनखी देऊ?” तिने तितक्याच गंभीरपणे विचारले, “का मावशीवानी तीन गलास पियाल्यावर मानंला हात लावू?”

मला ठसका लागला. पाणी नाकात गेले. ती खाली बसली, माझी पाठ चोळू लागली आणि हसू लागली, ते पडद्यापलीकडचेच हसणे. मी ठसकत होतो आणि हसत होतो, आणि डोळ्यांतून पाणी येत होते ते कोणत्या कारणाने, याचा तपशील मी येथे देत नाही.

“परा आता चटईवर,” ती म्हणाली.

मी पडलो. तिने माझा उजवा हात आपल्या मांडीवर घेतला. तक्ता दूरच होता. “मूठ आवल,” ती म्हणाली, “आवल, आजून आवल, जाल्याची दोरी वरतांना आवलतान तशी. आता सोर. सोर रं. कोनी नेत नाय तुजी मासली.”

चोवीस वर्षांत तिने मला ‘तू’ म्हटले नव्हते. मी डोळे उघडले.

“हाताला बोलतंय,” ती म्हणाली. “तुमाला नाय. डोले मिटा.”

मी मिटले. “खांदा खाली घे, पायाकरं. हां. गाल सोर. जीब सोर. पोटात वारा घे आनि जाऊ दे.” ती सांगत होती आणि मी मागे मागे जात होतो, जसे कोणी बोट धरून अंगणातून आत न्यावे. तिने मनगट उचलून सोडले की नाही, मला ठाऊक नाही. मला झोप लागली होती.

त्यास आता पाच महिने होत आले. हात पूर्ण आलेला नाही, आणि तो पूर्वीसारखा येणार नाही, असे मुलीने स्पष्ट सांगितले आहे. तिने माझ्या पेनावर फोमची जाड नळी चढवली आहे. दर पाच ओळींनंतर मी पेन खाली ठेवतो, मूठ आवळतो व सोडतो. टेबलासमोर बसलेले लोक थांबतात. राजोडीची ती बाई दुसऱ्या एका अर्जासाठी परत आली तेव्हा तीही थांबली. या वेळी तिने रस्त्याकडे पाहिले नाही. तिने विचारले, “काका, हे माझ्या गुडघ्याला चालेल का?” मी तिला दवाखान्याचा पत्ता लिहून दिला. अर्जात मी अजूनही ‘पाणी’च लिहितो. कचेरीच्या कागदावर तेच शोभते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. कागदाबाहेर मात्र मी कोणाचा धागा काढीत नाही. कधी जीभ वळते, खांदा उचलतो, आणि मग मला आतून कोणीतरी म्हणते, सोर रं.

माझ्या पत्नीला मितभाषी म्हणण्याची सोय आता राहिलेली नाही. सकाळी दुधाची पिशवी फोडल्यापासून ती बोलत असते. तिला इतके काही सांगावयाचे होते, हे मला ठाऊक नव्हते.

ही पाने मी रोज थोडी थोडी अशी लिहिली. काल सायंकाळी ती तिच्या हाती दिली. तिने चष्मा लावून सावकाश वाचली. लिलावाच्या गोष्टीपाशी हसली. चटईच्या ठिकाणी आल्यावर तिने बोट ठेवले.

“ह्यो माजा नाय,” ती म्हणाली.

मी वाकून पाहिले. ‘पोटात वारा घे आणि जाऊ दे’, असे मी लिहिले होते. सवयीने, तिच्या तोंडी, माझा ‘ण’.

“पूर्ण पान पुन्हा लिहितो,” मी म्हणालो.

“हाताचे हाल कशाला? खोरा तेवरा एक.”

मी खोडला. त्याच्या वर ‘न’ लिहिला. सव्वीस वर्षांत न ठेवलेली खाडाखोड पानावर काळीभोर दिसत होती. रिवाजाप्रमाणे तिच्या शेजारी सही हवी, आणि ती ज्याचे म्हणणे आहे त्याची हवी. मी पेन तिच्यापुढे केले. तिने ते जाड पेन घेतले आणि इतके घट्ट धरले की बोटांची पेरे पांढरी पडली.

“सोर,” मी म्हणालो. “हाताला बोलतोय. तुला नाही.”

तिने माझ्याकडे पाहिले, बोटे सैल केली, आणि सही केली.